खांद्याची किल्ली मोडते तेव्हा

पावसाची एक सर येऊन गेली, की बंगळूरच्या शिवाजीनगरातल्या रस्त्यांवर तेल, चिखल आणि भाजीचा पाला यांचा निसरडा थर तयार होतो. रसेल मार्केटच्या बाजूने बसस्थानकाकडे निघालेला स्कूटरवाला अचानक आडव्या आलेल्या रिक्षाला चुकवायला ब्रेक दाबतो, मागचे चाक सरकते आणि तो खांद्यावर आदळतो. हेल्मेटमुळे डोके वाचते. तो उठतो, कपडे झटकतो, पण एक हात काही केल्या वर होत नाही. मग दुखऱ्या हाताचे कोपर दुसऱ्या हाताच्या तळव्यावर तोलून, मान त्याच बाजूला किंचित कलती ठेवून तो चालू लागतो. अनुभवी डॉक्टर अशा माणसाला दारातून आत येताना पाहूनच ओळखतात, की कॉलरबोन मोडले.

गळ्याच्या खाली, दोन्ही बाजूंना कातडीखाली सहज हाताला लागणारे हे हाड. जुन्या मराठीत त्याला हासळी म्हणत. त्याच नावाचा चांदीचा कडक दागिना गळ्यालगत बसतो, तो नेमका याच हाडांवर. आयुर्वेदात ते ‘अक्षक’ म्हणून ओळखले जाते. लॅटिनमधल्या त्याच्या नावाचा अर्थ ‘छोटी किल्ली’ असा आहे, आणि ते नाव चांगलेच शोभते. इंग्रजी ‘एस’ अक्षरासारखे वळण घेतलेले हे हाड आपण हात वर उचलला, की कुलपात फिरणाऱ्या किल्लीसारखे स्वतःभोवती फिरते. अख्खा हात धडाला हाडाने जोडला गेला आहे तो फक्त या एका हाडामुळे. बाकी सगळी जोडणी स्नायूंची. म्हणून ते मोडले, की खांदा पुढे आणि खाली ओघळतो, आणि हाताचे सारे वजन मोडलेल्या टोकाला खाली ओढत राहते.

आईच्या पोटात पाचव्या-सहाव्या आठवड्यात ज्या हाडाचे टणक होणे सर्वांत आधी सुरू होते ते हेच, आणि सर्वांत शेवटी पुरे होते तेही हेच. छातीकडचे त्याचे टोक पूर्ण जुळायला वयाची बाविशी-पंचविशी उजाडते.

शिवाजीनगरात या हाडाला महत्त्व जरा जास्तच. कॅन्टोन्मेंटच्या काळात ब्लॅकपल्ली म्हणून ओळखली जाणारी ही वस्ती आज शिवाजी महाराजांचे नाव मिरवते. सतराव्या शतकात बंगळूर शहाजीराजांच्या जहागिरीत होते, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण आजचे शिवाजीनगर खांद्यावर चालते. बाजारात भाजीची पोती उतरवणारे हमाल, जुन्या गाड्यांचे सुटे भाग काढणारे कारागीर, दिवसभर हँडल धरून बसणारे रिक्षावाले, कमर्शियल स्ट्रीटसाठी कपडे शिवणारे शिंपी, या सगळ्यांची रोजची कमाई या वीतभरही नसलेल्या हाडावर अवलंबून असते. त्यांच्यासाठी ‘हाड जुळले का?’ हा प्रश्न अर्धाच असतो. उरलेला अर्धा म्हणजे ‘पोते पुन्हा उचलता येईल का?’ आणि डॉक्टरांचे जे वाद गेली पन्नास-साठ वर्षे चालू आहेत, ते या उरलेल्या अर्ध्या प्रश्नावरूनच.

याच वस्तीत बाउरिंग अँड लेडी कर्झन रुग्णालय आहे. म्हैसूरचे मुख्य आयुक्त ल्यूइन बेंथम बाउरिंग यांच्या नावाने ते एकोणिसाव्या शतकात सुरू झाले आणि पुढे स्त्रियांसाठीचे लेडी कर्झन रुग्णालय त्याला जोडले गेले. अशा मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या अस्थिरोग विभागात खांद्याला झोळी बांधलेला रुग्ण दिसला नाही, असा दिवस विरळाच.

हाड मोडते कसे?

‘हात टेकून पडला आणि कॉलरबोन मोडले’ असे पूर्वी पुस्तकांतूनही लिहिलेले असे. प्रत्यक्षात बहुतेक वेळा माणूस थेट खांद्यावर पडलेला असतो. दुचाकीवरून, सायकलवरून, घोड्यावरून, नाहीतर कबड्डीच्या मैदानात. दहांतील सात-आठ वेळा हाड मधोमध मोडते, कारण तिथे ते सर्वांत बारीक असते आणि स्नायूंचे संरक्षणही कमी असते. खांद्याकडचे टोक मोडण्याचे प्रमाण त्याहून बरेच कमी, आणि छातीकडचे टोक तर क्वचितच मोडते. बाळंतपणात अडकलेल्या नवजात बाळाचेही हे हाड कधी कधी मोडते. आईवडील घाबरून जातात, पण ते दोन-तीन आठवड्यांत असे जुळते, की पुढे कुठल्या बाजूचे मोडले होते तेही आठवावे लागते.

मोडलेल्या जागी सूज, काळानिळा डाग आणि कातडीखाली उंचवटा दिसतो. एक्स-रे काढला, की निदान पक्के होते. मात्र काही खुणा दिसल्या तर एक्स-रेच्या रांगेतही वाट पाहू नये. हात थंड किंवा निळसर पडणे, बोटांना मुंग्या येणे किंवा ती हलेनाशी होणे, श्वास घेताना त्रास होणे, हाडाचे टोक कातडीला आतून इतके रेटत असणे की कातडी पांढरी पडावी, या त्या खुणा. या हाडाच्या मागूनच हाताकडे जाणाऱ्या मोठ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू जातात, आणि खाली फुप्फुसाचे टोक असते. इंग्लंडचे माजी पंतप्रधान रॉबर्ट पील १८५० मध्ये लंडनमध्ये घोड्यावरून पडले आणि तीन दिवसांनी वारले. त्यांचे कॉलरबोन मोडले होते आणि त्याखालची रक्तवाहिनी फाटली असावी, असे मानले जाते. हे अपवादाचे उदाहरण आहे. पण अपवाद ओळखता यावेत म्हणूनच पहिली तपासणी डॉक्टरांकडून व्हायला हवी.

हे सांगण्याचे कारण असे, की बंगळुरात हाड मोडल्यावर बरेच जण आधी दुसरीकडेच जातात. आंध्रातल्या पुत्तूर गावाच्या नावाने चालणारी ‘पुत्तूर कट्टू’ ही हाड बांधण्याची परंपरा दक्षिणेत प्रसिद्ध आहे आणि तशा पाट्या शहरात जागोजागी दिसतात. आपल्याकडेही गावोगावचे हाडवैद्य आहेतच. कॉलरबोनच्या बाबतीत त्यांना यश मिळते, याचे एक साधे कारण आहे. साधेसुधे मोडलेले हे हाड कोणीही बांधले, किंवा कोणीच बांधले नाही, तरी बहुधा जुळते. श्रेय मात्र बांधणाऱ्याला मिळते! धोका असतो तो घट्ट आवळलेल्या पट्टीचा, जोराने चोळण्याचा आणि हाताचे रक्त थांबलेले लक्षात न येण्याचा.

झोळी की पट्टी?

या हाडाचा इलाज फार जुना आहे. इसवी सनापूर्वी सुमारे १६०० च्या इजिप्तमधल्या, आज एडविन स्मिथ यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पपायरसात तो दिला आहे. रुग्णाला पाठीवर झोपवावे, खांद्यांच्या मध्ये घडी ठेवावी, खांदे मागे ताणून हाड बसवावे आणि बांधावे, असा. ग्रीक वैद्य हिप्पोक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रंथात तर एक मजेदार निरीक्षण आहे. असे रुग्ण सुरुवातीला फार काळजी करतात, पण दुखणे लवकर कमी झाले की पुन्हा तोंड दाखवत नाहीत. वैद्यालाही त्याचे दुःख नसते, कारण हाड हवे तसे बसत नाहीच. अडीच हजार वर्षांनंतरही कुठल्याही बाह्यरुग्ण विभागातले डॉक्टर यावर हसून मान डोलावतील.

खांदे मागे ताणायची ती कल्पना आठच्या आकड्याच्या पट्टीत टिकून राहिली. दोन्ही बगलांतून पाठीवर फुलीसारखी बांधलेली ही पट्टी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. तिच्यामुळे हाडाची टोके नीट रेषेत राहतात, अशी समजूत होती. १९८७ मध्ये डेन्मार्कमधल्या डॉक्टरांनी ६१ रुग्णांवर तुलना करून पाहिली. काहींना ही पट्टी, काहींना गळ्यातली साधी झोळी. हाड जुळणे आणि हाताचे काम, यांत दोन्हींचा शेवट सारखाच झाला. त्रास मात्र पट्टीवाल्यांना जास्त झाला. बगलेत काचणे, हाताला मुंग्या येणे, झोप न लागणे. तेव्हापासून साध्या झोळीचे पारडे जड होत गेले. आजही काही डॉक्टर पट्टी बांधतात आणि काही रुग्णांना तिचा आधार वाटतो. त्यात गैर काही नाही, फक्त ती काचत असेल तर मुकाट्याने सोसू नये.

शस्त्रक्रियेचा वाद

जवळजवळ चाळीस वर्षे डॉक्टरांचे मत ठाम होते, की या हाडाला हात लावू नका. त्यामागे १९६० मधला अमेरिकन शल्यविशारद चार्ल्स नीर यांचा अहवाल होता. शस्त्रक्रियेशिवाय उपचार केलेल्या २२३५ रुग्णांपैकी फक्त तिघांचे हाड जुळले नाही, आणि शस्त्रक्रिया केलेल्या ४५ पैकी दोघांचे जुळले नाही. असे आकडे समोर असताना चाकू उचलणार कोण?

पण या हिशेबात लहान मुलेही होती, आणि मुलांची हाडे जुळतातच. शिवाय प्रश्न फक्त ‘जुळले की नाही’ एवढाच विचारला होता. १९९७ मध्ये हिल, मॅकग्वायर आणि क्रॉसबी यांनी फक्त मोठ्या माणसांचे, मधोमध मोडून टोके सरकलेले हाड घेतले आणि रुग्णांनाच विचारले, की तुम्ही समाधानी आहात का? ५२ पैकी जवळपास ३१ टक्के नाराज निघाले, आणि १५ टक्क्यांचे हाड जुळलेच नव्हते. हाडाची टोके एकमेकांवर चढून ते दोन सेंटिमीटर किंवा त्याहून आखूड झालेले असेल, तर धोका वाढतो असेही दिसले.

मग २००७ मध्ये कॅनडातल्या अस्थिरोगतज्ज्ञांनी १३२ रुग्णांची चिठ्ठ्या टाकून विभागणी केली. निम्म्यांना धातूची पट्टी, म्हणजे प्लेट, स्क्रूने बसवली. निम्म्यांना झोळी दिली. वर्षभर पाठपुरावा झालेल्यांत प्लेटवाल्या ६२ पैकी दोघांचे हाड जुळले नाही, तर झोळीवाल्या ४९ पैकी सातांचे. हाड जुळायला सरासरी १६ आठवड्यांऐवजी २८ आठवडे लागले. हाताच्या कामाचे गुणही प्लेटवाल्यांचे सरस होते. वारे फिरले, आणि जगभर प्लेट बसवण्याचे प्रमाण वाढले. मात्र त्याच अभ्यासात प्लेटवाल्या तिघांच्या जखमेत जंतुसंसर्ग झाला होता आणि पाच जणांना प्लेट टोचत होती. इकडे फारसे कोणी पाहिले नाही.

२०१३ मध्ये स्कॉटलंडमधल्या २०० रुग्णांच्या अभ्यासाने गाडी पुन्हा मधल्या रस्त्यावर आणली. प्लेटने न जुळण्याचे प्रमाण खूप घटते, हे खरेच ठरले. पण ज्यांचे हाड झोळीत जुळले, त्यांचा हात वर्षभरानंतर प्लेटवाल्यांइतकाच चालत होता. म्हणजे प्लेटचा मुख्य फायदा हाड न जुळण्याचा धोका टाळण्यात आहे. जुळलेला खांदा तिने आणखी चांगला होत नाही.

आता यातून घरच्यांनी काय घ्यायचे? हाड बाहेर आले असेल, कातडी फाटायला आली असेल, रक्तवाहिनी किंवा मज्जातंतूला इजा असेल, किंवा खांद्याच्या फऱ्याची मानही सोबत मोडली असेल, तर बहुधा शस्त्रक्रिया करावी लागते. खांद्याकडचे टोक अस्थिबंध तुटून सरकले असेल तरी ते आपोआप जुळण्याचा भरवसा कमी असतो. मुलांमध्ये आणि टोके फारशी न सरकलेल्या मोठ्यांमध्ये झोळी पुरे. उरतो तो मधला मोठा गट. टोके पूर्ण सरकलेली, हाड आखूड झालेले, रुग्ण तरुण आणि कष्टाचे काम करणारा. त्याच्या बाबतीत ‘डॉक्टर म्हणतील तसे’ एवढेच म्हणून चालत नाही. लवकर कामावर जाण्याची निकड किती, धूम्रपान करतो का (विडी-सिगारेटमुळे हाड जुळायला अडथळा येतो), मधुमेह आहे का, जखमेची काळजी घरी घेता येईल का, हे डॉक्टरांना सांगावे आणि ‘शस्त्रक्रिया केली नाही तर काय होईल?’ हे स्पष्ट विचारावे. आज ‘नाही’ म्हटले म्हणून दार कायमचे बंद होत नाही. हाड जुळले नाही तर पुढे काही महिन्यांनीही प्लेट बसवता येते, फक्त ती शस्त्रक्रिया थोडी मोठी असते. खर्चाची चिंता असेल तर कर्नाटकात २०१८ पासून सुरू असलेल्या आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेची, आणि महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेची चौकशी रुग्णालयातच करावी.

खरी कसोटी: वेणी आणि वरचा डबा

हाताचे काम परत आले की नाही, हे मोजायला डॉक्टरांकडे गुणपत्रिका आहेत. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली कॉन्स्टंट-मर्ली गुणपद्धती १०० गुणांची आहे. त्यांत दुखण्याला १५, रोजच्या कामांना २०, हालचालीला ४० आणि ताकदीला २५. दुसरी ‘डॅश’ नावाची ३० प्रश्नांची यादी रुग्ण स्वतः भरतो. बरणीचे घट्ट झाकण उघडता येते का, वरच्या फळीवर वस्तू ठेवता येते का, रात्री झोप लागते का, असे तिचे प्रश्न. आपल्या घरात कसोट्या वेगळ्या असतील. वेणी घालणे, मागे हात नेऊन हूक लावणे, माळ्यावरचा डबा काढणे, बसमध्ये वरची दांडी धरणे. यादी कोणतीही असो, गुण मिळतात ते व्यायामाने. एक्स-रेवर हाड सुंदर जुळलेले आणि खांदा मात्र गोठलेला, असे रुग्ण कमी नसतात.

म्हणून पहिल्या दिवसापासून बोटे, मनगट आणि कोपर हलवत राहावे. झोळीतून हात दिवसातून चार-पाच वेळा काढून कोपर पूर्ण सरळ करावे, नाहीतर खांद्याआधी कोपरच आखडते. पहिले काही दिवस आडवे झोपवत नाही. पाठीला दोन-तीन उशा लावून अर्धवट बसते झोपावे आणि कोपराखाली एक छोटी उशी ठेवावी. सदरा घालताना आधी दुखरा हात घालायचा आणि काढताना तो शेवटी काढायचा. पुढून बटणांचे, सैल कपडे सोयीचे. आंघोळीच्या वेळी बगल कोरडी ठेवायला विसरू नये. आपल्या हवेत तिथे पुरळ लवकर उठते.

दुखणे ओसरले, की साधारण आठवडा-दोन आठवड्यांनी, डॉक्टरांच्या सांगण्यावरून झोके देण्याचा व्यायाम सुरू होतो. चांगला हात टेबलावर टेकून पुढे वाकायचे, दुखरा हात सैल सोडायचा आणि घड्याळाच्या लंबकासारखा हलके हलके फिरू द्यायचा. जोर लावायचा नाही. तीन-चार आठवड्यांनी झोळी हळूहळू सुटते. मात्र साधारण सहा आठवड्यांपर्यंत हात खांद्याच्या उंचीवर नेऊ नये, कारण तिथून पुढेच ती किल्ली फिरू लागते आणि मऊ जोड हलतो. त्यानंतर भिंतीवर बोटांनी ‘चढण्याचा’ व्यायाम येतो. रोज भिंतीवर पेन्सिलीने खूण करावी, घरातली मुले हे काम फार उत्साहाने करतात. दांडीने मागे हात नेणे, रबरी पट्टीने ताकद वाढवणे हे त्याच्याही पुढचे. प्लेट बसवलेल्यांचा क्रम थोडा लवकर सुरू होतो, पण वजन उचलण्याची घाई त्यांनाही चालत नाही. प्लेट हाडाला धरून ठेवते, जुळायचे काम हाडाचेच असते.

मुलांचे हाड तीन ते सहा आठवड्यांत जुळते. मोठ्यांना सहा ते बारा आठवडे लागतात, कधी त्याहून जास्त. टेबलावरचे काम दोन-तीन आठवड्यांत शक्य असते. दुचाकी मात्र दोन्ही हातांनी ब्रेक कचकन दाबता येईपर्यंत घेऊ नये. पोते, सिलिंडर किंवा पाण्याने भरलेली कळशी तीन महिन्यांपर्यंत दुसऱ्याने उचलावी. हमालाच्या घरात हे सांगणे सोपे नसते. निदान सुरुवातीला हलके, कमरेच्या खालचे आणि दोन्ही हातांचे काम मागून घ्यावे.

जुळलेल्या जागी एक गाठ राहते. ती वर्षभरात बरीचशी मुरते, मुलांमध्ये जवळजवळ नाहीशी होते. लग्नाच्या मुलीच्या आयांना या गाठीची फार काळजी असते. तेवढ्यासाठी शस्त्रक्रिया करून घेणे म्हणजे गाठीच्या बदल्यात व्रण घेणे. शस्त्रक्रियेनंतर व्रणाच्या खाली छातीवर हाताएवढी जागा बधिर लागते, कारण तिथले बारीक मज्जातंतू हाडावरूनच जातात. ती हळूहळू आक्रसते, पण काहींना थोडी कायम राहते. हे आधीच सांगितलेले असले तर घाबरायला होत नाही.

आणि खेळाडूंचे पाहून फसू नये. स्पेनचा मोटारसायकल शर्यतपटू होर्हे लोरेन्सो २०१३ च्या जूनमध्ये हॉलंडमध्ये सरावात पडला आणि त्याचे कॉलरबोन मोडले. त्याच रात्री विमानाने बार्सिलोनाला जाऊन त्याने प्लेट बसवून घेतली, परत आला आणि शस्त्रक्रियेनंतर दोन दिवसांच्या आत शर्यतीत पाचवा आला. वर्तमानपत्रांनी त्याला डोक्यावर घेतले. दोनच आठवड्यांनी जर्मनीत तो पुन्हा त्याच खांद्यावर पडला आणि ती प्लेट वाकली, आणि पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

प्लेट काढावी लागते का, हे प्रत्येक जण विचारतो. त्रास नसेल तर ती आयुष्यभर आत राहू शकते. पण हे हाड कातडीच्या अगदी लगत असल्याने पर्सचा बंद, अंतर्वस्त्राची पट्टी किंवा मोटारीचा सीटबेल्ट तिच्यावर घासतो, आणि बारीक अंगाच्या माणसांना ती जास्त जाणवते. अशा वेळी हाड पक्के झाल्यावर, साधारण वर्ष-दीड वर्षाने ती काढता येते. खांद्याकडच्या टोकासाठी वापरलेली आकड्याच्या आकाराची प्लेट मात्र हाड जुळले, की काही महिन्यांतच काढायची असते. तिची तारीख रुग्णालयातून सुटी मिळतानाच लिहून घ्यावी.